भयाचे मोल

आपल्या कोणत्याही जुन्या चर्चच्या कचेरीत जावे, तर एका लाकडी कपाटात जाड पुठ्ठ्याच्या, कडा झिजलेल्या वह्या हारीने मांडून ठेवलेल्या दिसतात. एक स्नानसंस्काराची, एक विवाहाची आणि एक दफनाची. लग्नाच्या वेळी किंवा एखाद्या सरकारी कामासाठी दाखला हवा असला की आपल्याला त्यांची आठवण होते. एरव्ही त्या तशाच पडून असतात. दुसरीकडे, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लोखंडी कपाटाच्या खणात आयुर्विम्याचा एक कागद जपून ठेवलेला असतो. चर्चमधील ती वही आणि घरातील हा कागद यांचे जवळचे नाते आहे, असे कुणी म्हटले तर चटकन पटणार नाही. परंतु ते आहे; आणि ते कसे जडले याची हकिकत म्हणजे माणसाने अनिश्चित उद्याला कसे तोंड दिले याचीच हकिकत होय.

'विमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी 'बीम' म्हणजे भय हा शब्द आहे. त्याच्या शेजारचा आपला शब्द 'जोखीम'. जोखणे म्हणजे वजन करणे, तोलून पाहणे. कानाला तरी हे दोन शब्द सख्खे वाटतात. उद्याचे भय माणसाला जन्मापासूनच आहे. ते भय तोलता येते, त्याचे मोल ठरवता येते आणि ते अनेकांत वाटून घेता येते, हे मात्र त्याला फार उशिरा उमगले.

आपल्या आजोबांच्या पिढीतील कित्येक भाविक मनांना विम्याचा एजंट दारात आला की एक शंका छळत असे. रानातील फुलांना जो नटवतो आणि आकाशातील पाखरांना जो चारा देतो, त्या पित्यावर भरवसा असताना आपल्या मरणाचा सौदा आपण आधीच का करून ठेवावा? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण ज्या लूकच्या शुभवर्तमानात फुलापाखरांची ती शिकवण आहे, त्याच शुभवर्तमानात प्रभू येशूने बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचाही दाखला दिला आहे. पायाला हात घालण्यापूर्वी शहाणा माणूस बसून खर्चाचा हिशेब करतो. योसेफाने तर मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाच्या सात वर्षांसाठी कोठारे भरून ठेवली. भरवसा आणि हिशेब यांचे वैर नाही, हे धर्मग्रंथच सांगतो. तरीही व्यवहारात या दोहोंची सांगड कशी घालावी, हे ठरवायला ख्रिस्ती जगाला कित्येक शतके लागली.

समुद्रावरचे कर्ज

प्राचीन ग्रीक आणि रोमन व्यापाऱ्यांत समुद्री कर्जाची पद्धत रूढ होती. सावकार व्यापाऱ्याला जहाजाच्या सफरीसाठी पैसे देई. जहाज सुखरूप पोहोचले तर मुद्दल आणि वर जबर व्याज; जहाज बुडाले तर व्यापारी काहीही देणे लागत नसे. म्हणजे कर्ज आणि विमा एकाच करारात गुंफलेले होते. त्या जबर व्याजाचा मोठा भाग हा वस्तुतः वादळाच्या आणि चाच्यांच्या भयाचे मोल होता.

मध्ययुगीन ख्रिस्तसभेपुढे यातून एक पेच उभा राहिला. उसन्या पैशावर मुद्दलाहून अधिक घेणे ही व्याजखोरी आणि व्याजखोरी हे पाप, ही शिकवण स्पष्ट होती. नडलेल्या माणसाची पिळवणूक होऊ नये ही तिच्यामागची कळकळ होती. परंतु समुद्री कर्ज देणारा सावकार बुडण्याचे भय स्वतःच्या शिरावर घेत होता, त्याचे काय? पोप नववे ग्रेगरी यांनी १२३४ साली जो धर्मादेशांचा संग्रह जारी केला, त्यात 'नाविगांती' या शब्दाने सुरू होणारा एक आदेश आहे. हा संग्रह पेन्याफोर्टचे डॉमिनिकन संत रेमंड यांनी संकलित केला होता. त्या आदेशातील निर्णय कडक होता : समुद्रावर किंवा जत्रेच्या बाजाराला निघालेल्या व्यापाऱ्याला कर्ज देऊन, धोका पत्करल्याच्या सबबीवर जो मुद्दलाहून अधिक घेतो, त्याला व्याजखोरच समजावे.

त्याच शतकात संत थॉमस आक्वीनास यांनी एक मोलाचा भेद दाखवून दिला. कर्ज देणारा आपल्या पैशाची मालकी सोडून देतो. तो बुडाला तरी बुडतो कर्जदाराचा. भागीदारीत पैसा घालणारा मात्र मालकी सोडत नाही. बुडाला तर त्याचाच बुडतो. म्हणून नफ्यात वाटा मागण्याचा त्याला अधिकार आहे. या भेदातून एक कसोटी हाती आली आणि ती आजही जुनी झालेली नाही. करारात शब्द कोणते आहेत हे पाहू नका. धोका खरोखर कोणाच्या शिरावर आहे ते पाहा.

व्यापारी तोवर थांबले नव्हते. २३ ऑक्टोबर १३४७ रोजी जिनोआ शहरात एका नोटरीपुढे झालेला करार हा आज ज्ञात असलेल्या विमा करारांतील सर्वात जुना मानला जातो. 'सांता क्लारा' नावाचे जहाज जिनोआहून मायोर्का बेटाला जायचे होते. करारात विम्याचा उल्लेखच नाही. ज्योर्जो लेकावेल्लो हा गृहस्थ त्यात एवढेच कबूल करतो की, बार्तोलोमेओ बास्सो याच्याकडून आपण १०७ लिरा स्नेहापोटी, बिनव्याजी उसने घेतले आहेत. जहाज सहा महिन्यांत मायोर्काला सुखरूप पोहोचले तर हा करार रद्द, न पोहोचले तर ही रक्कम आपण परत करू. प्रत्यक्षात कोणी कोणाला काही उसने दिलेले नव्हते. उसनवारीचा बुरखा पांघरलेला तो विमा होता. व्याजखोरीचा आरोप टाळण्यासाठी ही युक्ती केली असावी, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

या बुरख्याचा गैरफायदा घेणारेही निघाले. हप्ता खिशात घालायचा आणि जहाज बुडाले की धर्मनियमाचा आधार घेऊन म्हणायचे, हा करार व्याजखोरीचा आहे, सबब आम्ही बांधील नाही! हा प्रकार इतका बोकाळला की जिनोआचा प्रमुख गाब्रिएले आदोर्नो याला १३६९ साली अशा सबबींविरुद्ध हुकूम काढावा लागला. धर्मवचनाच्या आड लपून शब्द फिरवणारा माणूस तेव्हाही होता. दावा आला की बारीक अक्षरांत दडलेली अट काढून दाखवणारा आजचा विमावाला त्याचाच वारस म्हटला पाहिजे.

अखेर ही गाठ सोडवली ती एका पोर्तुगीज कायदेपंडिताने. पेद्रु द सांतारें यांचा विम्यावरील लॅटिन ग्रंथ १५५२ साली व्हेनिस येथे छापला गेला. या विषयावर स्वतंत्रपणे लिहिलेला तो पहिला छापील ग्रंथ समजला जातो. त्यांचे म्हणणे साधे होते : विमा हे कर्जच नव्हे. विमा उतरवून घेणारा पैसे उसने देत नाही. तो दुसऱ्याचे संकट आपल्या अंगावर घेतो आणि त्या पत्करण्याची किंमत घेतो. ज्याप्रमाणे वस्तूला रास्त किंमत असू शकते, त्याप्रमाणे संकट पत्करण्यालाही असू शकते. ग्रंथ छापला गेला तेव्हा आपल्या वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगिजांचे निशाण लागून अठरा वर्षे झाली होती आणि लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या जहाजांपैकी कितीतरी वाटेत नाहीशी होत होती. या किनाऱ्यावरच्या देशी पेढ्यांनीही आपल्या परीने हीच वाट शोधली होती. 'जोखमी हुंडी' नावाची एक हुंडी असे; माल ठरल्या बंदरी सुखरूप उतरला तरच ती वटायची. माल बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे बुडाले. धर्म निराळा, भाषा निराळी. पण समुद्र एकच होता आणि त्याचे भयही एकच.

मोडलेला डाव आणि मेघगर्जना

भयाला मोल असते हे ठरले, तरी ते किती असावे हे सांगण्याची रीत कोणालाच ठाऊक नव्हती. विमेवाले अंदाजाने, अनुभवाने, कधी निव्वळ हावेने हप्ता ठरवीत. ती रीत सापडली एका कोड्यातून आणि ते कोडे होते जुगाराचे.

१६५४ साली ब्लेझ पास्काल आणि पिएर द फेर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांमध्ये पत्रव्यवहार झाला. दोन खेळाडू प्रत्येकी ३२ मोहरा लावून खेळत आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याने सर्व ६४ मोहरा न्यायच्या. एकाने दोन डाव जिंकले आहेत, दुसऱ्याने एक. इतक्यात खेळ मोडला. आता पैसे कसे वाटावे? पास्कालने उत्तर दिले : पुढचा डाव खेळला गेला असता, तर पहिला खेळाडू हरला तरी दोघांची बरोबरी होऊन त्याला ३२ मिळालेच असते. त्या ३२ मोहरा त्याच्या हक्काच्या. उरलेल्या ३२ मोहरांचा निकाल लागलेला नाही; शक्यता निम्मी-निम्मी, म्हणून त्या अर्ध्या-अर्ध्या वाटाव्या. पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. जे अद्याप घडलेलेच नाही त्याची आज न्याय्य वाटणी करता येते, ही या उत्तरातील क्रांती होती. विम्याचे सारे गणित याच पायावर उभे राहिले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री पास्कालला तो उत्कट धर्मानुभव आला, ज्याची चिठ्ठी त्याने आपल्या अंगरख्यात शिवून जन्मभर जवळ बाळगली. गणिताने शंका मोजणारा आणि श्रद्धेने देवाला शरण जाणारा माणूस एकच होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पास्कालच्या वर्तुळातील आंत्वान आर्नो आणि पिएर निकोल यांनी १६६२ साली तर्कशास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. 'पोर्ट-रॉयलचे तर्कशास्त्र' या नावाने ते ओळखले जाते. त्याच्या शेवटच्या प्रकरणात रोजच्या व्यवहारातील निर्णयांचा विचार आहे. मेघगर्जना ऐकून घाबरून जाणाऱ्या माणसांविषयी ते लिहितात की, मरणाच्या भयाने ती घाबरत असतील तर ते अवाजवी आहे. कारण वीस लाख माणसांत फार तर एखादाच विजेने मरतो. छत कोसळून माणसे मेल्याचे ऐकल्यापासून कोणत्याही घरात ते तपासून घेतल्याखेरीज पाऊल न टाकणाऱ्या एका राजकन्येचीही गोष्ट त्यांनी सांगितली आहे. त्यांचा उपदेश असा की, संकट केवढे मोठे आहे एवढेच पाहू नये. ते येण्याचा संभव किती हेही पाहावे आणि दोहोंचा मेळ घालून मग ठरवावे. साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली, पण शहाण्या निर्णयाचे याहून नेमके सूत्र शोधून सापडणार नाही.

परंतु वीस लाखांत एक मरतो, हे कोणी मोजले होते? कोणीच नाही, तो अंदाज होता. मोजायचे तर नोंदी हव्यात. त्या नोंदी होत्या चर्चच्या कपाटात.

वह्यांतून उमटलेले आकडे

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूंनी विवाहाची आणि स्नानसंस्काराची वही ठेवावी असा नियम केला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या नोंदीचाही आग्रह धरला. इंग्लंडमध्ये तर १५३८ पासूनच प्रत्येक धर्मग्रामात अशा वह्या ठेवण्याचा हुकूम होता. हेतू निव्वळ धार्मिक आणि सामाजिक होता. कोणाचा स्नानसंस्कार झाला, कोणाचे लग्न कोणाशी लागले, कोणाला मूठमाती मिळाली, एवढे कळावे. यातून काही गणित निघेल असे कोणा धर्मगुरूच्या स्वप्नातही आले नसेल.

पोर्ट-रॉयलचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १६६२ साली, लंडनमधील जॉन ग्रांट नावाच्या एका कापड-सामानाच्या दुकानदाराने लंडनच्या धर्मग्रामांतून दर आठवड्याला निघणाऱ्या मृत्यूच्या यादीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मलेल्या शंभर मुलांपैकी ३६ मुले वयाच्या सहाव्या वर्षाआधीच दगावतात, असा त्याचा अंदाज होता. त्यानंतर ब्रेस्लाउ शहरातील (आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ) कास्पार नॉयमान या ल्यूथरपंथी पाळकाने आपल्या शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदी गोळा केल्या. सातच्या पटीतील वर्षे, विशेषतः ४९ आणि ६३ ही, माणसाला घातक असतात असा लोकांचा समज होता. तो खोटा आहे हे त्याला नोंदींच्या आधारे दाखवायचे होते. १६८७ ते १६९१ या पाच वर्षांचे त्याचे आकडे लंडनला पोहोचले आणि १६९३ साली एडमंड हॅली याने त्यांवरून आयुर्मानाचा तक्ता तयार केला. धूमकेतूमुळे ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे तोच हा हॅली. पहिल्या वर्षातील १००० मुलांपैकी ५९८ जण वीस वर्षांचे होतात, ४४५ जण चाळिशी गाठतात आणि २४२ जण साठी पाहतात, असे तो तक्ता सांगतो.

हा तक्ता वाचताना अंगावर काटा येतो. कारण प्रत्येक आकड्यामागे एक एक दफन आहे. पण त्याच तक्त्याने एक सत्य उघड केले. कोणता माणूस केव्हा मरेल हे देवावाचून कोणी जाणत नाही. तरीही हजार माणसांपैकी किती केव्हा मरतील हे बरेचसे सांगता येते. एकट्याचे भवितव्य अंधारात असले तरी समुदायाचे भवितव्य अंधुक उजेडात असते. विम्याचे सारे सामर्थ्य या एका वाक्यात आहे आणि त्याची सारी मर्यादाही.

ज्ञान आले म्हणून शहाणपण लगेच आले नाही. हॅलीचा तक्ता प्रसिद्ध झाल्यावरही इंग्लंडचे सरकार आजन्म वार्षिकी विकताना वयाचा विचार न करता सर्वांना एकच भाव लावीत राहिले. दुसरीकडे लंडनमध्ये राजकारण्यांच्या आणि आजारी पुढाऱ्यांच्या आयुष्यावर परके लोक विमा उतरवीत. अमुक माणूस वर्षभरात मरेल की जगेल अशी ती निव्वळ पैज असे. फ्रान्सने १६८१ साली माणसाच्या जिवावरील विम्यावर बंदीच घातली होती. इंग्लंडने १७७४ साली कायदा केला की, ज्याच्या जगण्यात तुमचा खरा हितसंबंध नाही त्याच्या जिवावर तुम्हाला विमा उतरवता येणार नाही. पैज लावणारा आधी नसलेला धोका नव्याने निर्माण करतो. विमा उतरवणारा आधीच असलेला धोका वाटून घेतो. धर्मपंडितांची जुनी कसोटी आता कायद्याच्या कलमात आली होती.

व्यापाऱ्याचा प्रश्न

आतापर्यंतचा विचार विमा विकणाऱ्याच्या बाजूने झाला. विकत घेणाऱ्याने काय करावे? हा प्रश्न नेमका विचारला डॅनिएल बर्नुली या स्विस गणितज्ञाने, १७३८ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने छापलेल्या एका निबंधात.

पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याचा १०,००० रुबलचा माल ॲम्स्टरडॅमहून समुद्रमार्गे यायचा आहे. त्या हंगामात शंभरातील पाच जहाजे बुडतात असा अनुभव आहे. सरळ हिशेबाने या धोक्याची किंमत झाली ५०० रुबल. पण विमेवाला मागतो ८००. व्यापाऱ्याने विमा उतरवावा काय? पास्कालचे गणित म्हणेल, नको. ३०० रुबल जास्त जात आहेत. बर्नुली म्हणतो, थांबा. आधी मला सांगा, या मालाखेरीज त्या व्यापाऱ्याजवळ आणखी किती आहे? कारण एकच रुबल गरिबाला आणि श्रीमंताला सारखा नसतो. ज्याच्याजवळ थोडे आहे त्याला शेवटचे चार पैसे जाणे म्हणजे चूल विझणे. ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याला ते वहीतील एक ओळ खोडण्यासारखे. त्याने हिशेब मांडला तो असा : मालाखेरीज सुमारे ५,०४३ रुबलहून कमी संपत्ती असेल तर त्या व्यापाऱ्याने ८०० रुबल देऊन विमा उतरवणे शहाणपणाचे, अधिक असेल तर स्वतःच्या जोखमीवर माल आणावा. आणि हा विमा ८०० रुबलला देऊ करणाऱ्याजवळ निदान १४,२४३ रुबल असावेत. नसतील तर त्याने या धंद्यात पडू नये.

या उदाहरणात एक सुंदर गोष्ट दडली आहे. तोच ८०० रुबलचा सौदा देणाऱ्यालाही फायद्याचा आणि घेणाऱ्यालाही. कोणी कोणाला लुबाडत नाही. भय दुर्बल खांद्यावरून बळकट खांद्यावर सरकते आणि त्याचे मोल दिले जाते. बर्नुलीने असेही दाखवले की सारा माल एका जहाजात भरण्यापेक्षा निरनिराळ्या जहाजांत वाटून पाठवावा. उपदेशकाच्या पुस्तकात, पृथ्वीवर कोणते अरिष्ट येईल हे ठाऊक नसल्यामुळे आपला वाटा सात-आठ ठिकाणी द्यावा, असा सल्ला आहेच. गणिताने तो शेकडो वर्षांनी सिद्ध केला.

सामान्य कुटुंबाने यातून घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे. जे नुकसान सोसता येईल त्याचा विमा हा बहुधा चैनीचा खर्च; जे नुकसान घर मोडील त्याचा विमा ही गरज. घड्याळ हरवेल, सायकल चोरीला जाईल. हळहळ वाटेल, पण घर चालेल. कर्ता माणूस अकाली गेला, छप्पर जळाले किंवा बोट बुडाली तर मात्र घर चालणार नाही. हप्ता थोडा जास्त वाटला तरी पैसा घालायचा तो इथे.

विधवेचा हक्क

विमा नव्हता तेव्हा निराधार विधवेला आधार होता तो दानधर्माचा. लिस्बन येथे १४९८ साली स्थापन झालेल्या मिझेरिकॉर्दिया या बंधुसंघाच्या शाखा गोव्यात आणि वसईतही होत्या. विधवा, अनाथ आणि आजारी यांची सेवा हे त्यांचे ब्रीद. ती सेवा थोर होती. परंतु दानाची एक मर्यादा असते. देणारा देईल तेव्हा आणि तेवढेच. शिवाय घेणाऱ्याला हात पसरावा लागतो.

स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर वेबस्टर आणि रॉबर्ट वॉलेस या दोन प्रेस्बिटेरियन पाळकांना हेच दुःख सलत होते. त्यांच्या पंथात पाळक विवाहित असतात. पाळक वारला की त्याच्या बायकोमुलांना धर्मग्रामाचे घर सोडावे लागे आणि मग पुढे काय, याला उत्तर नसे. दोघांनी देशभरातील आपल्या बांधवांकडून माहिती मागवली, हॅलीचा तक्ता समोर ठेवला आणि गणितज्ञ कॉलिन मॅक्लॉरिन याच्याकडून हिशेब तपासून घेतला. त्यांच्या हिशेबाने ९३० पाळकांपैकी दरवर्षी सरासरी २७ जण वारणार. त्यांतील १८ जणांच्या मागे विधवा राहणार. १७४४ साली कायदा होऊन निधी सुरू झाला. पाळकाने वर्षाला २ पौंड १२ शिलिंग ६ पेन्सपासून ६ पौंड ११ शिलिंग ३ पेन्सपर्यंत चारपैकी एक हप्ता निवडायचा. त्याप्रमाणे विधवेला वर्षाला १० ते २५ पौंड मिळायचे. जमलेले पैसे तसेच वाटून न टाकता ते गुंतवायचे आणि वाढत्या निधीतून वार्षिकी द्यायची, ही यातील नवी दृष्टी. १७६५ साली निधीत ५८,३४८ पौंड असतील असे त्यांनी भाकीत केले होते. ते वर्ष उजाडले तेव्हा निधीत निघाले ५८,३४७ पौंड. चूक एका पौंडाची!

हा पंथ आपला नव्हे. पण यातील ख्रिस्ती मर्म आपल्याला परके वाटू नये. तरुण, धडधाकट पाळक दरवर्षी हप्ता भरीत होता तो बहुतेक करून दुसऱ्या कोणाच्या विधवेसाठी. आणि ज्या दिवशी वेळ त्याच्या घरावर येई, त्या दिवशी त्याची पत्नी हात न पसरता, मान ताठ ठेवून आपला हक्क घेई. दानाने भूक भागते. हक्काने मानही राहतो.

मन मात्र जुनेच

एवढे गणित हाती आल्यावर माणसे शहाणपणाने निर्णय घेऊ लागली असतील, असे वाटेल. तसे झाले नाही. अमेरिकेने १९६८ साली पूरग्रस्त भागांसाठी सरकारी सवलतीचा विमा सुरू केला. हप्ता धोक्याच्या मानाने स्वस्त होता, तरी लोकांनी तो घेतला नाही. १९७२ साली ॲग्नेस चक्रीवादळाने हाहाकार केला तेव्हा विमा असलेली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. शेवटी १९७३ साली घरकर्जासाठी तो सक्तीचा करावा लागला. हॉवर्ड कुनरुथर यांनी १९७८ साली या प्रश्नाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. क्वचित येणाऱ्या संकटाकडे माणूस 'आपल्यावर कशाला येईल' म्हणून डोळेझाक करतो आणि शेजारचे घर वाहून गेले की जागा होतो, असे त्यातून दिसले. १९७९ साली डॅनिएल काहनमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की लहानशा संभवाला माणूस एकतर शून्य समजतो, नाहीतर फाजील महत्त्व देतो. म्हणूनच लॉटरीचे तिकीट घेणारा आणि विमा उतरवणारा हे पुष्कळदा एकच गृहस्थ असतात. या कार्यासाठी काहनमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्वर्स्की त्याआधीच, १९९६ साली, वारले होते. पोर्ट-रॉयलच्या धर्मशीलांनी मेघगर्जनेच्या उदाहरणातून जे सांगितले, तेच इथे प्रयोगांनी सिद्ध झाले. आपले भय गडगडाटाच्या मागे धावते. मुकाट येणाऱ्या संकटाकडे त्याचे लक्ष नसते.

२६ जुलै २००५ चा मुंबईचा महापूर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला. एका दिवसात सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर आपण घराचा विमा उतरवला काय? उतरवला असेल तर चार कोरड्या पावसाळ्यांनंतर 'पैसे फुकट गेले' म्हणून तो सोडून दिला काय? ज्या वर्षी संकट आले नाही त्या वर्षीचा हप्ता फुकट गेला असे आपल्याला वाटते. खरे पाहता तो फुकट गेला नाही. तो दुसऱ्या कोणाच्या घरी पोहोचला आणि बारा महिन्यांची झोप आपल्याला देऊन गेला.

आपल्या देशात आधुनिक आयुर्विमा १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल कंपनीच्या रूपाने आला तो मुख्यतः युरोपियनांसाठी. हिंदी माणसाचे आयुष्य कमी भरवशाचे समजून पुढे त्याच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. १८७० च्या सुमारास मुंबईत निघालेल्या बाँबे म्युच्युअल संस्थेने हिंदी माणसालाही सर्वसाधारण दराने विमा देऊन हा कलंक पुसण्यास आरंभ केला. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ देशी-विदेशी विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि विमा खेड्यापाड्यांत पोहोचला. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. आज पर्याय पुष्कळ आहेत. विमा, बचत आणि शेअरबाजार यांची खिचडी करून विकणाऱ्या योजनाही पुष्कळ आहेत. अशा वेळी तेराव्या शतकातील तोच प्रश्न विचारावा : या कागदात धोका नेमका कोण पत्करतो आहे? माझा धोका दुसऱ्याच्या शिरावर जात असेल तर तो विमा. माझ्याच शिरावर राहत असेल तर त्या कागदाला नाव काहीही असो, तो विमा नव्हे.

आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना हे शिकवायला नको. मासळीचे वाटे पडतात तेव्हा बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि खलाशांचे वाटे वेगवेगळे निघतात. चांगला दिवस सर्वांचा आणि रिकामा दिवसही सर्वांचा. हंगामाच्या आरंभी फादर बोटींना आशीर्वाद देतात आणि त्याच हंगामात तांडेल दोर, इंजिन, हवामान सारे तपासून घेतो. आशीर्वाद घेतला म्हणून दोर तपासायचा राहत नाही आणि दोर तपासला म्हणून आशीर्वादाची गरज संपत नाही.

चर्चच्या कपाटातील ती दफनाची वही पुन्हा डोळ्यांपुढे येते. तिच्यातील एकेका ओळीपुढे आपण नमतो. कारण ती ओळ लिहिली जाण्याची वेळ देवाच्या हाती आहे. पण त्या सगळ्या ओळी एकत्र वाचल्यावर जे कळते, ते आपल्या हाती दिलेले ज्ञान आहे. आणि ज्ञान दिले जाते ते वापरण्यासाठी. माझी ओळ केव्हा लिहिली जाईल हे मला ठाऊक नाही. ती लिहिली गेल्यावर माझ्या घरातील चूल पेटती राहावी, एवढी तजवीज मात्र मला आज करता येते. ही तजवीज म्हणजे अविश्वास नव्हे. घर ज्याने सोपवले, त्याला दिलेला तो हिशेब आहे.